डबा परत नको

लिओनी पेटिफरने आपलं वाक्य पाठ करून ठेवलं होतं. भांडी घासताना, मेंढ्यांच्या कुंडात पाणी सोडताना, एकदा तर चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तिने ते मनातल्या मनात घोळवलं होतं. "तू जसा आहेस तसाच आम्हाला हवा आहेस, आणि तू कुणालाही घरी घेऊन आलास तरी आपल्या टेबलावर एक प्लेट जास्त लागेल." वाक्याचा पहिला भाग एका मासिकातला होता. प्लेटचा भाग तिचा स्वतःचा, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. हे वाक्य तिच्या पंधरा वर्षांच्या मुलासाठी, कॅलमसाठी होतं. अडचण एवढीच की कॅलमने तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं.

सांगण्यासारखं काहीतरी आहे याबद्दल मात्र तिची खात्री पटली होती. त्याने फुटबॉल सोडला होता. करंगळीचं नख काळं रंगवलं होतं. जास्पर नावाच्या कुणाचा तरी मेसेज आला की तो फोनकडे बघून हसायचा आणि आई खोलीत आली की हसू गिळायचा. पूर्वी हाच मुलगा शाळेच्या बसमधून उतरला की दप्तरही न टाकता स्वयंपाकघरात यायचा आणि कुणाच्या कुत्र्याने काय खाल्लं इथपासून सगळं सांगत बसायचा. आता "कसा गेला दिवस?" विचारलं की "ठीक." बस. या एका शब्दाने तिचा जीव अर्धा झाला होता. मुलगा गे असला तर असू दे, त्याला तिची काही हरकत नव्हती; पण तो आपल्याशी बोलत नाही हे तिला सहन होत नव्हतं.

म्हणून तिने बेत आखला. दर ईस्टरला नवरा-मुलांना घेऊन ती सिडनीला शेतकऱ्यांच्या मोठ्या प्रदर्शनाला जायचीच, सगळे त्याला नुसतं 'शो' म्हणत. या वर्षी शो झाल्यावर एक दिवस सिडनीतल्याच न्यूटाऊन भागात घालवायचा. न्यूटाऊनमध्ये पुरुष पुरुषाचा हात धरून भाजी आणायला जातो आणि कुणी मान वळवून बघत नाही. लिओनी मात्र दूर आतल्या डब्बो गावाच्याही पलीकडून मान वळवायलाच आली होती, फक्त प्रेमाने.

गाडीत नवरा ब्रेट होता, कॅलम होता, आठ वर्षांची टिली होती, आणि सासरे क्लिफ होते, मुलांचे 'पॉप'. आता या वयात क्लिफना घरी एकटं ठेवायचं कसं, असा प्रश्न या वर्षी निघाला होता तेव्हा ते आपणहून म्हणाले, "मी येतो. बुटांना सोल लावायचेत." ऐकून ब्रेटला हसू फुटलं. घरातला जुना विनोद होता तो. क्लिफ तरुणपणापासून दर ईस्टरला आपली लोकर घेऊन एकटेच शोला जायचे, दहा दिवस कुठल्याशा बोर्डिंग हाऊसमध्ये राहायचे, आणि येताना बुटांना नवे सोल लावून यायचे. जणू डब्बोतले बूट दुरुस्त करणारे संपावर गेले होते. मग त्यांची बायको युना आजारी पडली आणि त्यांचं सिडनीला जाणं बंद झालं. युनाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. आणि आज म्हातारा पुन्हा मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत बूट घेऊन बसला होता.

"क्लिफ," गाडी लावायला जागा शोधता शोधता लिओनी म्हणाली, "आज तुम्हाला जरा वेगळं काही दिसेल. मुलांसमोर काही बोलू नका हं."

"बरं," क्लिफ म्हणाले. या एका शब्दावर त्यांचं आयुष्य निभावलं होतं. दुष्काळाला बरं, पुराला बरं, डॉक्टरलाही बरं.

लिओनीने पर्समधून इंद्रधनुष्याचे बिल्ले काढले. ब्रेटने एक टोपीला लावला, टिलीने तीन लावले. कॅलमने "आई, प्लीज," म्हणून आपला खिशात टाकला. क्लिफसाठी तिने आणलाच नव्हता. म्हाताऱ्या माणसाला उगाच कशाला कानकोंडं करा.

रस्त्यावर लिओनी जोडी दिसली की हसत होती. दोन बाया दिसल्या, हसली. दोन पुरुष दिसले, जास्त हसली. मग दोन पुरुष जुळ्यांची बाबागाडी ढकलत आले तेव्हा ती इतकी हसली की ते थांबलेच.

"आपण ओळखतो का एकमेकांना?" त्यातल्या उंच माणसाने विचारलं.

"नाही नाही! मला फक्त… छान वाटलं. तुम्हाला बघून."

"वर्गणी असेल तर आम्ही आधीच दिलीय," दुसरा म्हणाला.

कॅलम एव्हाना पुढच्या सिग्नलला पोचला होता आणि आपण या लोकांबरोबर नाही असं पाठीनेच सांगत होता. इकडे उंच माणूस नाक मुरडून म्हणाला की ईस्टरला बाहेरचे लोक येतात आणि घरासमोर गाड्या लावतात, आम्ही दुपट्यांची पिशवी तीन गल्ल्या वाहत आणायची. "तीच तर कटकट!" ब्रेट म्हणाला. "डब्बोतपण हल्ली तेच. त्या नव्या दुकानामुळे." आणि तिघं पुरुष फुटपाथ अडवून पार्किंगवर बोलायला लागले ते थांबेचनात. कौन्सिलला शिव्या घालून झाल्या, शेजाऱ्याच्या माडीला हरकत घेऊन झाली. निघताना उंच माणसाने ब्रेटच्या पाठीवर थापसुद्धा मारली. लिओनीला ते लागलं. या विषयावर दोन पुस्तकं तिने वाचली होती आणि माणसांशी सूत जुळलं ते ब्रेटचं, ज्याने आजवर फक्त ट्रॅक्टरची माहितीपत्रकं वाचली होती.

कॉफी प्यायला ते एका ठिकाणी बसले. वेटरला छातीपर्यंत दाढी होती आणि त्याने फुलाफुलांचा स्कर्ट घातला होता. लिओनीने त्याच्या डोळ्यांकडेच बघायचं असं ठरवलं आणि इतकं रोखून बघितलं की बिचाऱ्याने दोनदा गालाला काही लागलंय का म्हणून पुसून घेतलं.

"दूध कुठलं? ओटचं, बदामाचं, सोयाचं?"

"गाईचं," ब्रेट म्हणाला.

"आहे का बघतो."

क्लिफ खिडकीबाहेर बघत होते. "इथं मासळीचं दुकान होतं," ते म्हणाले. "आणि मागच्या गल्लीत मोठं अंजिराचं झाड."

"अजून आहे की!" वेटर म्हणाला. "मार्चमध्ये अंजिरांचा नुसता सडा पडतो. तुम्ही इथले का?"

लिओनीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला वेळ साधायची होती. ती टेबलावर पुढे झुकली आणि शेजारच्या तीन टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "किती छान ना, इथे कुणालाही काही लपवावं लागत नाही!" आणि कॅलमकडे बघितलं. कॅलमने मेनूकार्ड तोंडासमोर धरलं.

"कुणालाही," ती परत म्हणाली.

"साखर दे जरा," क्लिफ म्हणाले.

"म्हणजे आपल्या घरातही," लिओनीने सोडलं नाही, "कुणाला काही सांगायचं असेल तर…"

"मी बाहेर थांबतो," कॅलम म्हणाला आणि उठला.

लिओनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रेटने ते बघितलं आणि तो हळूच म्हणाला, "सोड ना त्याला. मेंढी फाटकातून ढकलायला गेलीस की मागेच फिरते."

"तो मेंढी नाही, ब्रेट."

"म्हणून तर म्हणतो."

क्लिफनी कॉफी संपवली, टोपी घातली आणि पिशवी उचलली. "बूट टाकून येतो."

"आज ईस्टरचा सोमवार आहे," लिओनी नाक पुसत म्हणाली. "सगळं बंद असेल."

"त्याचं उघडं असेल," क्लिफ म्हणाले.

एकट्या म्हाताऱ्याला गर्दीत सोडायचं कसं, म्हणून सगळी वरात त्यांच्या मागे निघाली. घरी फाटकापर्यंत जाताना दोनदा गुडघा धरणारे क्लिफ इथे पुढे होते. त्यांनी कुणाला पत्ता विचारला नाही. एक गल्ली सोडली, दुसरीत वळले, आणि खांद्याएवढ्या रुंदीच्या एका दुकानाचं दार ढकललं. वर घंटी किणकिणली.

आत चामड्याचा आणि गोंदाचा वास होता. ओट्यामागे एक म्हातारा ग्रीक बसला होता, क्लिफच्याच वयाचा, अंगात चामड्याचा ॲप्रन, ओठांत बारीक खिळे. त्याने वर बघितलं. मग सावकाश ओठांतले खिळे एकेक करून काढले आणि तळहातावर ठेवले.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"रस्त्यात गर्दी होती, स्टेलिओस."

स्टेलिओसने पिशवीतून बूट काढले, उलटे करून बघितले. "हे तर नवे आहेत."

"हो," क्लिफ म्हणाले.

लिओनीला यात काही वावगं दिसलं नाही. जुनं गिऱ्हाईक, म्हातारी माणसं, थट्टा करत असतील. स्टेलिओस आतून उशी ठेवलेली खुर्ची घेऊन आला, कॉफी घेऊन आला आणि न विचारता तिच्यात तीन चमचे साखर घातली. मग त्याने फळीवरून एक लाल डबा काढून टिलीपुढे धरला. आत वेणीसारखी वळलेली बिस्किटं होती.

"घे. आमचा ग्रीकांचा ईस्टर अजून यायचाय, म्हणून दुकान उघडं आणि मला उपास. मुलांना उपास नसतो."

टिलीने दोन घेतली, तिसऱ्याकडे बघून आईकडे बघितलं. लिओनीने झाकण लावलं आणि डबा उलटा केला.

मुद्दाम नव्हे. डब्बोच्या पलीकडच्या कुठल्याही बाईच्या हातात डबा आला की तो आपोआप उलटा होतो. तिकडे लग्न असो, मयत असो, शाळेची जत्रा असो, प्रत्येक घरून काहीतरी करून आणायचं असतं, आणि डबे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीने बुडाला जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी लावून 'अमकीचा डबा, परत करा' असं लिहिलेलं असतं. यात युनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेलेल्या डब्याचा माग ती तीन मयतींपर्यंत काढायची. एकदा तर विधवेला मिठी मारून "धीर धर" म्हणाली होती आणि त्याच दमात "माझी निळी बशी तुझ्याकडे राहिलीय" असंही म्हणाली होती.

या डब्याच्या बुडालाही पट्टी होती. पिवळी पडलेली. तिच्यावर युनाचं ते टोकदार, ठसठशीत अक्षर लिओनीने लगेच ओळखलं. लिहिलं होतं: 'स्टेलिओसचा डबा. परत नको.'

"हे आपल्या युनाचं अक्षर आहे," लिओनी म्हणाली.

"हो," क्लिफ म्हणाले.

"तिचा डबा इथे कसा?"

"तीच द्यायची. दर ईस्टरला फ्रूटकेक. मी उतरायचो त्या घरी."

"पण तुम्ही तर बोर्डिंग हाऊसमध्ये उतरायचात. कुणा बाईंच्या."

"बाई नव्हती," क्लिफ म्हणाले. "बोर्डिंग हाऊसही नव्हतं. वरती दोन खोल्या आहेत. खिडकीतून अंजिराचं झाड दिसतं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मुलाकडे वळले. "ब्रेट, मी याच्याकडे राहायचो. वर्षातले दहा दिवस. माझं याच्यावर प्रेम आहे. तुझ्या आईवरही होतं, ते खोटं नव्हतं. आता मी म्हातारा झालोय आणि मला पुन्हा पुन्हा बूट घेऊन यायचा कंटाळा आलाय."

स्टेलिओसने डब्याकडे बोट केलं. "आधीचे डबे मी धुऊन परत पाठवायचो. ती पट्टीवर लिहायचीच ना तसं. मग एका वर्षी हा आला. आम्ही दोघं किती वेळ नुसते त्याच्याकडे बघत बसलो. केक कापलाच नाही त्या दिवशी."

आता बघा, लिओनीचं वाक्य तयार होतं. महिनोन्महिने घोटून घोटून तयार केलेलं, प्लेटसकट. समोर तिच्याच घरातला माणूस बसला होता, त्याने तिच्याच तोंडावर सांगितलं होतं, आणि तिचीच मुलं ऐकत होती. एवढी सोन्यासारखी संधी कुणाला मिळते? लिओनीने तोंड उघडलं.

"क्लिफ! मुलांसमोर!" ती म्हणाली.

शब्द बाहेर पडले आणि तिलाच ऐकू आले. स्टेलिओसने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, आम्ही कॉफी पितोय."

ब्रेट बुटांकडे बघत होता. "म्हणजे ते सोल…"

"सोल चांगलेच असायचे," क्लिफ म्हणाले.

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

ब्रेटने मान हलवली. "पार्किंगची वेळ संपत आली असेल," तो म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

"मला तसं नव्हतं म्हणायचं," लिओनी घाईघाईने बोलायला लागली. "उलट मी तर सकाळपासून… क्लिफ, तुम्हाला माहितीये मी कशी आहे! मला काहीच वाटत नाही, म्हणजे मला खूप छान वाटतंय, फक्त एकदम…" पुढे काय करावं ते न कळून तिने आपल्या कोटाचा बिल्ला काढला आणि क्लिफपुढे धरला.

"बरं," क्लिफनी तो घेतला आणि स्टेलिओसला दिला.

स्टेलिओसने तो उजेडात धरला. "असे कोपऱ्यावरच्या बँकेत फुकट मिळतात," तो म्हणाला आणि खिळ्यांच्या वाटीत टाकला.

दाराजवळ कुणीतरी हसलं. कॅलम होता. दाराला टेकून तो मघापासून सगळं ऐकत उभा होता, आणि फोन त्याच्या खिशात होता. लिओनीने त्याचं हसू कित्येक महिन्यांत इतक्या जवळून बघितलं नव्हतं.

घंटी वाजली. ब्रेट परत आला. डोळे लाल झाले होते आणि हातात गाडीतून आणलेली क्लिफची कपड्यांची बॅग होती. त्याने ती ओट्याच्या आतल्या बाजूला ठेवली, वडिलांकडे बघितलं नाही, आणि स्टेलिओसला विचारलं, "सोल कधीपर्यंत होतील?"

"ईस्टरपर्यंत."

"ईस्टर काल झाला."

"तुमचा. आमचा रविवारी आहे."

"मग त्यानंतर फोन करतो," ब्रेट म्हणाला. "घाई करू नका. घाईत काम बिघडतं." क्लिफनी हात पुढे केला तेव्हा मात्र त्याने तो धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग टोपी डोळ्यांवर ओढून पुन्हा गाडीकडे गेला.

"आई," कॅलम म्हणाला.

आज दिवसभरात त्याने आपणहून मारलेली ती पहिली हाक होती. अजून उशीर झाला नव्हता. वाक्य अजून तिच्याजवळ होतं, शब्द न् शब्द.

"काय रे राजा?"

"तू टिलीला घेऊन जरा बाहेर थांबशील? मला पॉपशी बोलायचंय."

तो चिडून बोलला नव्हता. चिडला असता तर तिला भांडता आलं असतं. त्याने अगदी नीट विचारलं होतं, बसमध्ये एखाद्या बाईला जरा सरकायला सांगावं इतक्या नीट. लिओनी "हो, हो, थांबते ना," म्हणाली आणि टिलीचा हात धरून बाहेर आली. दार तिच्यामागे लागलं.

काचेवर दुकानाचं नाव रंगवलेलं होतं आणि अक्षरांच्या फटींतून आतलं दिसत होतं. कॅलम ओट्यावर चढून बसला होता. तो बोलत होता. एक शब्दही कळत नव्हता, पण तो दोन्ही हातांनी बोलत होता, मान झटकत, मध्येच हसत, मध्येच डोळे पुसत, तो लहानपणी स्वयंपाकघरात बोलायचा तसाच. स्टेलिओसने खिळे पुन्हा ओठांत धरले होते आणि तो मान खाली घालून कुणाचा तरी बूट ठोकत होता. क्लिफ ऐकत होते. अधूनमधून त्यांचे ओठ हलत, आणि काय म्हणतायत ते काचेतूनही कळत होतं. बरं.

तिने आखला होता तो बेत तंतोतंत पार पडला होता. न्यूटाऊनला आणलं, आणि मुलगा बोलला. तिला एवढं वाईट वाटलं की काचेवर मूठ आपटावीशी वाटली. आणि त्याच वेळी, खोटं कशाला, तिला बरंही वाटलं, कारण मुलगा हसत होता.

"आई, कॅलम काय सांगतोय पॉपला?" टिलीने विचारलं.

"माहीत नाही."

"मग विचार ना जाऊन."

लाल डबा चुकून लिओनीच्या हातातच राहिला होता. तिने तो पुन्हा उलटा केला. कित्येक वर्षं युनाने दर ईस्टरला नवऱ्याला चांगले बूट पिशवीत भरताना बघितलं असेल, आणि काही न विचारता केक भट्टीत सरकवला असेल. तिला त्यासाठी काय सोसावं लागलं असेल ते पट्टीवर लिहिलेलं नव्हतं.

"जा ना, विचार ना," टिली तिचा कोट ओढत म्हणाली.

"नको," लिओनी म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली.